कोण आहेत परशुराम खुणे? गडचिरोलीच्या गुरनोलीतून पद्मश्रीपर्यंत पोहोचलेल्या झाडीपट्टीच्या नटाची गोष्ट

जानेवारी 2023. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी आली. महाराष्ट्रातून कला क्षेत्रातल्या पद्मश्रीसाठी रवीना टंडनचं नाव होतं. त्याच यादीत आणखी एक नाव होतं, परशुराम कोमाजी खुणे. रवीनाचं नाव वाचून कुणी गुगल केलं नसेल. खुणे यांचं मात्र मुंबई-पुण्यात अनेकांना शोधावं लागलं.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात उलटं होतं. इथल्या लोकांनी हा माणूस फोनच्या स्क्रीनवर नाही, तर थंडीत चादर पांघरून, पहाटेपर्यंत जागून स्टेजवर पाहिला होता.

नेमके कोण आहेत खुणे, आणि ज्या झाडीपट्टीने त्यांना घडवलं ती चालते कशी, समजून घेऊया.

गुरनोलीचा मुलगा

गुरनोली हे गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातलं गाव. खुणे लहान होते तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. चंद्रपूरचं विभाजन होऊन तो 26 ऑगस्ट 1982 रोजी तयार झाला. हा धानाच्या शेतीचा आणि जंगलाचा भाग. जंगल म्हणजे झाडी, म्हणून हा पट्टा झाडीपट्टी आणि इथली बोली झाडीबोली.

या भागात अभिनय शिकायला कॉलेज लागत नव्हतं. गावागावात दंडार व्हायची, खडी गंमत व्हायची. नाच, गाणी आणि हजरजबाबी विनोद यांची ही लोककला, आणि झाडीपट्टीच्या नाटकाचं मूळही तिच्यातच. खुणे याच वातावरणात वाढले, स्टेजवर गेले आणि विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाऊ लागले. इतके की लोक त्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणू लागले.

शेती त्यांनी सोडली नाही. गावाचं सरपंचपदही सांभाळलं. नक्षलग्रस्त भागातल्या भरकटलेल्या तरुणांच्या पुनर्वसनासाठी केलेल्या कामाचीही पद्मश्रीच्या वेळी नोंद घेतली गेली.

5 हजार प्रयोग म्हणजे किती?

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा दोन आकडे सांगितले गेले, 5 हजारांहून जास्त प्रयोग आणि 800 वेगवेगळ्या भूमिका.

साधा हिशोब करू. झाडीपट्टीचा सीझन वर्षभर नसतो. दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो, म्हणजे साधारण चार महिने. एका सीझनमध्ये 100 प्रयोग धरले तरी 5 हजार व्हायला 50 सीझन लागतात. हा आकडा गाठायला अख्खं आयुष्य लागतं.

झाडीपट्टी रंगभूमी चालते कशी?

दिवाळीच्या आसपास धान निघतो आणि हातात पैसा येतो. मग कुठे मंडई भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत लागते. गावात पाव्हणे येतात. दिवसा पट आणि रात्री नाटक. पाव्हण्यांसाठी घरोघरी स्वयंपाक होतो आणि मुलामुलींच्या सोयरिकीही याच गर्दीत जुळतात.

नाटक आणायचं काम गावातलं मंडळ करतं. नाट्य कंपनीशी करार करायचा, मंडप टाकायचा, तिकिटं विकायची. बऱ्याच कंपन्यांचा कारभार वडसा म्हणजे देसाईगंजमधून चालतो. पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि पहाटे पडतो. गाणी लाइव्ह, वाद्यं लाइव्ह. तालमीला वेळ कमी असतो, त्यामुळे आडोशाला बसलेल्या प्रॉम्प्टरवर मोठी भिस्त असते.

इथे विनोदी नटाचं महत्त्व कळतं. रात्री दोनला पेंगणाऱ्या माणसाला जागं ठेवायचं, संवाद अडला तर वेळ मारून नेायची आणि समोरून आलेल्या शेऱ्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. रिटेक नाही, एडिटिंगही नाही.

कोरियात असा नट कुठे पोहोचतो?

तुमच्यापैकी अनेकांनी 'पॅरासाइट' पाहिला असेल. त्यात वडिलांची भूमिका करणारे सॉंग कांग-हो गिम्हे या शहरातले. अभिनयाचं रीतसर शिक्षण नाही, सुरुवात नाटकातूनच. 1996 मध्ये ते सिनेमात आले आणि 2022 मध्ये 'ब्रोकर'साठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. त्यांच्याकडे रंगभूमीवरून मोठ्या पडद्याकडे जाणारी वाट होती.

झाडीपट्टीतून तशी वाट फारशी निघत नाही. मुंबईचे नावाजलेले चेहरे पाहुणे कलाकार म्हणून इथे येतात, त्यांचे फोटो पोस्टरवर झळकतात आणि गर्दी होते. इथला नट मुंबईच्या पडद्यावर पोहोचल्याची उदाहरणं मात्र कमी. मराठी सिनेमात ऐकू येणारी भाषा बहुतेक वेळा पुण्याची किंवा कोल्हापूरकडची असते. झाडीबोलीला तिथे फारशी जागा मिळालेली नाही.

मग अडचण काय?

पहिली अडचण म्हणजे उरलेले आठ महिने. होळीनंतर नाटक थांबतं आणि कलाकार शेती, मजुरी किंवा छोट्या धंद्याकडे वळतो. एखादा सीझन गेला की वर्षाचं गणित कोसळतं. 2020 मध्ये कोरोनाने नेमकं तेच केलं. त्याआधी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली होती. ती डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात उठली. पट नसेल, तर पटाच्या रात्रीचं नाटकही अडचणीत येतं.

दुसरी अडचण नोंदीची. 800 भूमिकांपैकी नीट रेकॉर्ड झालेल्या किती सापडतील? सॉंग कांग-होंचा पहिला सिनेमा आजही पाहता येतो. झाडीपट्टीच्या नटाची भूमिका पहाटे पडदा पडला की संपते आणि पाहणाऱ्यांच्या आठवणीतच उरते.

पद्मश्रीने खुणे यांचं नाव देशाला कळलं. त्यांच्या शेजारी स्टेजवर उभे राहिलेले, ऑर्गन वाजवणारे, आडोशाला बसून संवाद सांगणारे अनेक जण अजून गुगलवर सापडत नाहीत. त्यांना पाहायचं असेल, तर दिवाळीनंतर वडशाच्या बाजूला एक चक्कर मारा. स्वेटर आणि चादर मात्र सोबत ठेवा.