मत्स्यालयातील पिरान्हा

पिरान्हा हे दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्यात आढळणाऱ्या, सेरासाल्मिडी कुळातील तीक्ष्ण दातांच्या माशांचे सामान्य नाव आहे. घरगुती मत्स्यालयात प्रामुख्याने लाल पोटाचा पिरान्हा (शास्त्रीय नाव: पायगोसेंट्रस नॅटेरेरी) ठेवला जातो. या जातीचे शास्त्रीय वर्णन रुडॉल्फ क्नेर यांनी १८५८ साली केले. भारतात पिरान्हाच्या आयातीला मान्यता नाही आणि येथील बाजारात या नावाने विकला जाणारा मासा बहुधा रूपचंद असतो. त्यामुळे नागपूरसारख्या शहरातील नवशिक्या पालकासाठी निवडीचा पहिला प्रश्न माशाच्या ओळखीचा ठरतो.

ओळख

रूपचंद (पियारॅक्टस ब्रॅकिपोमस) हा पिरान्हाच्याच कुळातील, मुख्यतः वनस्पतिजन्य आहार घेणारा मासा आहे. पश्चिम बंगाल आणि आंध्र प्रदेशात तो खाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर वाढवला जातो. त्याच्या पिल्लांचे पोट लालसर असल्यामुळे ती पिरान्हाच्या पिल्लांसारखी दिसतात. दोन्हींतील निश्चित फरक दातांत असतो. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार आणि एका ओळीत असून वरचे व खालचे दात कात्रीप्रमाणे एकमेकांत बसतात. त्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो. रूपचंदचे दात चौकोनी, दाढांसारखे असून ते फळे व कठीण बिया फोडण्यास उपयोगी पडतात.

हा फरक पुढील नियोजनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लाल पोटाचा पिरान्हा साधारणतः ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर रूपचंद ८० सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि २५ किलोग्रॅमपर्यंत वजनाचा होऊ शकतो. त्यामुळे दोन इंचांचे पिल्लू म्हणून घरी आणलेला रूपचंद कोणत्याही सामान्य घरगुती टाकीत कायमचा राहू शकत नाही.

स्वभाव

पिरान्हा क्षणार्धात मोठ्या प्राण्याचा फडशा पाडतो, ही समजूत अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९१३-१४ मधील ब्राझील मोहिमेच्या वर्णनानंतर जगभर पसरली. प्रत्यक्षात लाल पोटाचा पिरान्हा सर्वभक्षी व भित्रा असून तो मासे, कीटक, मृत प्राणी तसेच वनस्पतींचे भागही खातो. त्याचे थव्याने राहणे हे मुख्यतः स्वसंरक्षणासाठी असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. तथापि टाकी साफ करताना किंवा जाळीने पकडताना तो खोल चावा घेऊ शकतो.

टाकी आणि माशांची संख्या

प्रौढ माशामागे किमान ७५ लिटर पाणी असा ढोबळ हिशेब केला जातो. चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावते. ती चार ते सहा माशांना कशीबशी पुरते. अशा टाकीचे वजन काच, वाळू व स्टँड धरून अर्ध्या टनापेक्षा अधिक भरते. त्यामुळे सदनिकेत ती ठेवताना जमिनीच्या भारक्षमतेचा विचार आवश्यक असतो.

दोन किंवा तीन मासे ठेवल्यास एक दबला जाऊन जखमी होतो. म्हणून समान आकाराचे किमान चार मासे एकाच वेळी सोडले जातात. नंतर आणलेल्या माशावर हल्ला होण्याची शक्यता अधिक असते. इतर जातींचे मासे सोबत ठेवले जात नाहीत. मंद प्रकाश, लाकडाचे ओंडके व लपण्याच्या जागा असल्यास मासे शांत राहतात.

मासे सोडण्यापूर्वी टाकी तीन ते सहा आठवडे चालवून गाळणीत उपयुक्त जिवाणू वाढू द्यावे लागतात. हे जिवाणू विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही आधी काढून टाकावे लागते. मासे किंवा कोळंबीचे तुकडे व तयार गोळ्या हा योग्य आहार होय. जिवंत गोल्डफिश खाऊ घालणे टाळले जाते. त्यांतून रोग पसरतात आणि त्यांतील थायमिनेज या विकरामुळे ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते.

नागपूरचे हवामान

या माशांना २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील रात्री थंड असतात. त्यामुळे हिवाळ्यात हीटर आणि उन्हाळ्यात थंडाव्याची सोय या दोन्हींची गरज भासते. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३५ अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅम इतकाच असतो. म्हणून वीज गेल्यावरही हवेचा पंप चालू राहील अशी व्यवस्था लागते.

जलाशयात सोडण्याचे धोके

टाकीला न मावणारे मासे फुटाळा, अंबाझरी किंवा गोरेवाडा यांसारख्या तलावांत सोडणे पर्यावरणाला घातक आहे. शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचे पाणी पुढे कन्हान आणि वैनगंगेमार्गे प्राणहिता व गोदावरीला मिळते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीमुळे अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या सखल भागांत पूर आला. अशा प्रसंगी तलावातील मासे सहज नदीत पोहोचू शकतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत ढिवर समाजाची उपजीविका नद्या व मालगुजारी तलावांतील मासेमारीवर अवलंबून आहे. मत्स्यालयांमधून देशभरातील जलाशयांत पसरलेला सकर मासा उजनी धरणातही आढळतो. त्याच्या काटेरी परांमुळे मच्छीमारांची जाळी फाटतात.

नको असलेला मासा दुसऱ्या पालकाकडे किंवा विक्रेत्याकडे परत देणे हा योग्य मार्ग मानला जातो. माशाच्या ओळखीबाबत शंका असल्यास खरेदीपूर्वीच मत्स्यशास्त्राच्या जाणकाराकडून खात्री करून घेणे इष्ट ठरते. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात असून शहरात मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे.

पर्याय

नवशिक्यांसाठी डॅनिओ व बार्ब गटांतील लहान भारतीय मासे अधिक सोयीचे असतात. ते ८० ते १०० लिटरच्या टाकीत थव्याने राहतात, तापमानातील चढउतार तुलनेने चांगले सोसतात आणि त्यांच्या खरेदीत आयातबंदीचा प्रश्न उद्भवत नाही.