हाडांतील कॅल्शियमचे नियमन

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेल्या अल्प अंशावर हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन अवलंबून असते. रक्तातील पातळी घसरताच मानेतील परावटू ग्रंथी पॅराथॉर्मोन स्रवतात. हे संप्रेरक हाड झिजवून कॅल्शियम रक्तात सोडणाऱ्या अस्थिभंजक पेशींना थेट चेतवत नाही, ही यातली सर्वांत लक्षणीय बाब. संदेश आधी हाड बांधणाऱ्या अस्थिजनक पेशींकडे जातो. त्या ‘रँकल’ हे प्रथिन पुढे करतात. ते अस्थिभंजकांच्या पूर्वज पेशींवरील ‘रँक’ या ग्राहीला जोडले गेले की अस्थिभंजक पेशी घडतात. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन रँकलला मध्येच अडवते. ऋतुनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, झीज वाढते, हाडे ठिसूळ होतात (ऑस्टिओपोरोसिस). ड जीवनसत्त्व आतड्यातील कॅल्शियमचे शोषण वाढवते. कॅल्सिटोनिन या संप्रेरकाचा माणसातील वाटा गौण आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील मोहन वाणी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवून दिले, की इंटरल्यूकिन-३ हे संदेशवाहक प्रथिन पूर्वज पेशींना महाभक्षी पेशींच्या मार्गाला वळवते आणि मग रँकल मिळूनही त्या अस्थिभंजक होत नाहीत. झीज मुळातच रोखण्याची शक्यता दाखवणारे हे काम मोलाचे आहे. रँकलला अडवणारे डेनोसुमॅब हे प्रतिपिंड २०१० पासून ऑस्टिओपोरोसिसवर वापरले जाते.