जैसे थे करार आणि गोदाकाठची माणसे

शहागडला गोदावरीच्या काठावर उभे राहिले की पलीकडे दिसतो तो बीड जिल्हा. १९४७ साली हे दोन्ही काठ निजामाच्या राज्यात होते. पण नदीच्या काठाने पैठणच्या बाजूला वर निघाले, की पैलतीरावर शेवगाव तालुका लागे, आणि तो मुंबई प्रांतातला. स्वतंत्र झालेला हिंदुस्थान इथल्या माणसाला फार दूर नव्हता.

अशा वेळी २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा करार झाला. लोकांनी त्याला नाव दिले ‘जैसे थे करार’. त्यातले एक कलम असे, की युद्धाचा प्रसंग सोडला तर हिंदी सरकारला हैदराबाद राज्यात फौज ठेवण्याचा हक्क नाही, आणि तेव्हाही निजामाची संमती हवी. त्याप्रमाणे सिकंदराबादेतली हिंदी फौज फेब्रुवारी १९४८ पर्यंत काढून घेण्यात आली.

आता गंमत बघा. ही छावणी मुळात बसली ती १७९८ आणि १८०० च्या तहांनी, इंग्रज कंपनीची म्हणून. आपल्या जालन्याची छावणीही त्याच पठडीतली. दीडशे वर्षे जी फौज खरोखर परकी होती, तिच्याच आधारावर निजामाची गादी टिकली. ती फौज स्वतंत्र देशाची झाली, आणि निजामाच्या दरबाराला ती एकाएकी परकी वाटू लागली!

रझाकारांना तर मुळात कोणताच समझोता नको होता. २७ ऑक्टोबरला त्यांच्या जमावाने निजामाच्या शिष्टमंडळाची घरे वेढून त्याला दिल्लीला जाऊ दिले नव्हते. छत्तारीच्या नवाबांना पंतप्रधानपद सोडावे लागले आणि लायक अली आले. स्टेट काँग्रेसच्या मागण्या दोन : सामीलीकरण आणि जबाबदार राज्यपद्धती. करारात दोन्ही नव्हत्या. करारानंतर स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगातून सुटले खरे, पण २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पुन्हा पकडले.

खेड्यातल्या लोकांची प्रतिक्रिया ठरावांत शोधू नका, ती त्यांच्या वागण्यात दिसते. ‘जैसे थे’ म्हणजे दोन्ही पक्षांनी जागचे हलायचे नाही. पण शिंदीची झाडे तोडून सरकारचा अबकारीचा पैसा बुडवणे थांबले नाही, करोडगिरीच्या नाक्यांवरचे हल्ले थांबले नाहीत आणि रझाकारांचे अत्याचारही थांबले नाहीत. कितीतरी कुटुंबे गाडीत बायकामुले आणि धान्याची पोती घालून हद्दीपलीकडे नगर, मनमाड, सोलापूरकडे गेली. तिथल्या सरहद्दीवरच्या छावण्यांतून तरुण परत राज्यात शिरत. इकडे सिडने कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने निजामाला शस्त्रे पोचवीत होता.

दिल्लीने हे का पत्करले? काश्मिरात लढाई पेटली होती, जुनागडचे प्रकरण नुकतेच हातावेगळे होत होते. सरदार पटेलांनी वेळ विकत घेतला, असे मला वाटते, आणि तो हिशोब चुकीचा नव्हता. पण त्याची किंमत दिल्लीने मोजली नाही. ती मराठवाड्यातल्या, तेलंगणातल्या खेड्यांनी मोजली. आपले शिक्षकबंधू हा धडा शिकवताना कराराची तारीख सांगतात, ही दुसरी बाजूही सांगावी.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा राज्यात शिरल्या. १५ तारखेला त्या जालन्यात होत्या, १७ ला निजामाने शरणागती दिली. कराराची मुदत संपायला तेव्हा जवळजवळ अडीच महिने बाकी होते.