नाताळातली शिकार आणि हाक्याचे गडी

श्रोतेहो, डिसेंबर सरत आला की आपल्या यवतमाळकडे वावरात तूर शेंगांनी वाकलेली असते, ज्वारी हुरड्याला येते, कापसाची वेचणी चालू असते. शाळांना नाताळची सुटी लागते. गुरुजी मुलांना घेऊन टिपेश्वरच्या अभयारण्यात सहलीला जातात. वाघ दिसला तर मग महिनाभर शाळेत दुसरा विषय निघत नाही. शंभर वर्षांपूर्वीही याच आठवड्यात लोक रानात जात, पण ते वाघ पाहायला नव्हे, मारायला. आणि जाणारे दोन तऱ्हेचे असत. एक, बंदूक घेऊन मचाणावर बसणारे. दुसरे, हातात काठी घेऊन रानातून मचाणाकडे चालत येणारे. पहिल्यांनी पुस्तके लिहिली. दुसऱ्यांविषयी आज थोडे बोलू.

आधी, नाताळच का? इंग्रजी अमलात कोर्टे-कचेऱ्या या दिवसांत बंद राहत आणि साहेबाला आपल्याकडची थंडी मानवे. वकिलांनाही तीच सवड. म्हणून तर काँग्रेसची अधिवेशने बहुधा डिसेंबरच्या अखेरीस भरत. 1897 चे अमरावतीचे अधिवेशन त्याच दिवसांतले. एकाच सुटीत कोणी मंडपात जाई, कोणी मचाणावर! खरे पाहता वाघाच्या शिकारीला उन्हाळा बरा. नाले आटतात, गवत वाळून जाते, उरल्यासुरल्या डोहापाशी वाघ हमखास येतो. जाणते शिकारी हेच सांगत. पण सुटी थंडीत, म्हणून शिकारीची मौजही थंडीत.

वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले. आपल्या जिल्ह्याला तेव्हा यवतमाळ म्हणत नसत. तो वणी जिल्हा होता, नाव बदलले 1905 साली. पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख, आणि तिकडे हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी. या फौजेतल्या अंमलदारांना शिकारीचा मोठा षोक. त्यांतल्याच आर. जी. बर्टन यांनी 1928 साली दख्खनच्या शिकारीवर इंग्रजीत जाड पुस्तक काढले. अशी पुस्तके वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. वाघाची लांबी इंचात दिलेली असते, बंदुकीची जात दिलेली असते, आणि हाका करणाऱ्यांचा मात्र नुसता आकडा असतो.

आता हाका म्हणजे काय ते पाहा. मुक्काम पडला की पाटलाकडे निरोप जाई. रानात ठिकठिकाणी रेडकू बांधून ठेवीत. वाघाने एखादे मारले की शिकारी त्याला 'गारा' म्हणत. वाघ पोटभर खाऊन जवळच्याच नाल्यात, सावलीला पडतो, हे ठरलेले. मग गावोगावचे गडी जमवायचे, कधी काही आणे मजुरीवर, कधी निव्वळ वेठीवर. नाल्याच्या एका तोंडाला मचाणे, दुसऱ्या तोंडाला ही माणसांची रांग. दोन्ही बाजूंना झाडांवर काही गडी चढवून बसवायचे. त्यांनी ओरडायचे नाही. वाघ बाजूला वळू लागला तर कुऱ्हाडीच्या दांड्याने खोडावर नुसते ठकठक करायचे. एवढ्याशा आवाजाने वाघ तोंड फिरवून पुन्हा नाल्याची वाट धरतो. हे काम वाटते तेवढे सोपे नाही, बरे का! आवाज मोठा झाला तर वाघ बिथरून मागे उलटतो. म्हणून तिथे रानाची नस माहीत असलेला गोंड किंवा कोलाम लागे.

मग रांग निघे. डफडे, टिनाचे डबे, आरोळ्या. दोन माणसांतले अंतर वाढू द्यायचे नाही, कारण वाघ मागे फिरला तर त्या खिंडारातूनच निघणार. गोळी वर्मी बसली तर ठीक. नेम चुकून वाघ नुसता घायाळ झाला, तर तो मचाणावर उडी घेत नसे. तो रांगेवर येई. बंदूक वर, वाघ खाली, आणि वाघाच्या बरोबरीने जमिनीवर उभा आपला गडी! रात्री फोटो निघे तो मात्र मचाणवाल्याचा. यांत सगळे गोरेच होते असे समजू नका. संस्थानिक, जमीनदार, आपलेच मोठे वकील, सारे त्या फोटोंत आहेत.

शिकार काही साहेबाने आणली नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मृगयेचे किती तरी प्रकार दिले आहेत. राजांचे सोडा. आपल्याकडे फासेपारधी फास लावून हरणे-पाखरे धरीत. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने काळविटाच्या अगदी जवळ जात. त्यांचेच भाऊबंद टाकणकर घरोघरच्या जात्याला टाकी घालून देत. आणि शेतकऱ्यासाठी रानडुकराची शिकार म्हणजे पिकाची राखण. हाकाही गावाचाच होता, आणि डुक्कर पडले की मांसही गावाचे.

हे गावाच्या हातून कसे गेले? एकदम नाही गेले. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा झाला. जंगले राखीव झाली. साहेबाला शिकारीसाठी रान परवान्याने मिळे, आणि त्याच रानातला भारा गवत आणला तर गावकऱ्याला दंड. पारध्यांची गत याहून वाईट. 1871 च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, आणि पुढे पारध्यांवरही ठिकठिकाणी तो शिक्का बसला. हा कायदा 1952 साली गेला; शिक्का लोकांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही.

10 जुलै 1930 रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला, तो या पार्श्वभूमीवर पाहावा. मिठाचा समुद्र आपल्याकडे नाही. आपला समुद्र म्हणजे जंगल. गवत ही साधी गोष्ट. पण रान कोणाचे, हा प्रश्न हाक्यातल्या गड्याला फार आधीपासून ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर मचाणावरचे लोक बदलले, रांग तीच राहिली. परवान्याची शिकार चालूच होती. मोटारी आणि झगझगीत दिवे आले तशी ती बेसुमार झाली. शेवटी 1970 साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्या वर्षीच्या मोजणीत सबंध देशात 1827 वाघ भरले होते. बंदी हवीच होती, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण वाघ संपत आणणारा आणि बंदीनंतर रानाच्या कडेला जागल करीत राहिलेला, हे दोघे एक नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

टिपेश्वर 1997 साली अभयारण्य झाले. क्षेत्र जेमतेम 148 चौरस किलोमीटर. वाघ वाढले, रान वाढले नाही. तिथला एक तरुण वाघ 2019 साली निघाला तो शेताशेतांतून, नद्या-रस्ते ओलांडीत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मात्र सगळेच इतके सुखाने झाले नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात वावरात गेलेली, गुरे राखणारी माणसे एकामागून एक गेली. तेरा मृत्यूंशी जिचे नाव जोडले गेले त्या टी-1 वाघिणीला, म्हणजे अवनीला, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळी घातली गेली. तिला वाचवा म्हणणारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. गावांत मात्र सुटकेचा श्वास होता. दोन्ही बाजूंना खोटे म्हणता येत नाही.

रोही आणि रानडुक्कर तर रोजचेच. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा जनावराला मारण्याची परवानगी कायद्यात आहे, पण ती लेखी लागते, आणि डुकरांचा कळप काही अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

गुरुजी, या सुटीत सहलीला निघण्याआधी एक करा. मुलांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. हाका कोणत्या नाल्यातून निघे, मचाण कोणत्या झाडावर असे, मजुरी काय मिळे, कोण जखमी झाले, सारे वहीत उतरवून घ्या. पारधी बेड्यावरही जा. परवान्याची शेवटची शिकार झाली तेव्हा रांगेत डबा वाजवणारे पंधरा वर्षांचे पोर आज सत्तरीच्या घरात आहे.