मोगलाई : एका शब्दाचा इतिहास

'ही काय मोगलाई आहे?' असे आपण अन्याय पाहून विचारतो. वऱ्हाडात मात्र मोगलाई हे निजामाच्या राज्याचे साधे नाव होते. ग्रीकांचा 'तिरान्नोस'ही आरंभी केवळ वारसाहक्कावाचून सत्तेवर आलेला पुरुष. चौदाव्या शतकातील कायदेपंडित बार्तोलुस याने सत्ता बळकावणारा आणि हक्काची सत्ता असूनही छळणारा, असे दोन जुलमी वेगळे केले. निजामाला आम्ही दुसऱ्यांत धरतो. त्याच्या दरबाराने वऱ्हाडचा महसूल पूरणमल सावकारास इजाऱ्याने दिला; भरलेली रक्कम नफ्यासह वसूल झाली की पुरे, मग रयत जगो वा परागंदा होवो! १८५३ साली फौजेच्या थकबाकीपोटी अमरावती-अकोल्याचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने घेतला. हाही एक इजाराच. रयतेला विचारले कोणी?