गोठत नाहीत म्हणून वाढले? अंटार्क्टिकाच्या माशांची गोष्ट

आधी एक साधं गणित बघा. समुद्राचं पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. बहुतेक सागरी माशांचं रक्त त्या पाण्यापेक्षा कमी खारट, त्यामुळे ते उणे ०.८ च्या जवळपासच गोठायला हवं. म्हणजे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला मासा असायलाच नको. पण तिथे मासे आहेत, आणि समुद्रतळावर तर नोटोथेनिऑइड नावाच्या एकाच गटाचं राज्य आहे.

हा प्रश्न १९५० च्या दशकात पेर शोलँडर यांनी कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावर हाती घेतला. तिथल्या खोल पाण्यातल्या माशांचं रक्त गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहत होतं. मात्र बर्फाचा स्पर्श झाला की मासा गोठून मरायचा. खोलवर बर्फ नाही, म्हणून ते तरले होते. अंटार्क्टिकात ही सोय नाही. मॅकमर्डो साउंडमध्ये उथळ भागात तळावरही बर्फ धरतो आणि मासे त्यावर खुशाल बसतात!

मॅकमर्डोलाच काम केलेल्या आर्थर डेव्ह्रीस यांनी १९६० च्या दशकात याचं उत्तर शोधलं. या माशांच्या रक्तात साखर जोडलेली प्रथिनं असतात. शरीरात बर्फाचा बारीक कण शिरला की ती त्याला चिकटतात आणि वाढू देत नाहीत. मग १९९७ साली लियांगब्याओ चेन, डेव्ह्रीस आणि ची-हिंग चेंग यांनी या प्रथिनाच्या जीनचं मूळ दाखवलं. ते निघालं ट्रिप्सिनोजेनच्या, म्हणजे चक्क अन्न पचवायच्या कामातल्या जीनमध्ये. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशात जवळजवळ हेच प्रथिन आहे, पण त्याचा उगम साफ वेगळा.

इथे गोष्ट फार छान जुळते. अंटार्क्टिका थंड झाली, जुने मासे गेले, एका गटाला गोठणरोधक प्रथिन मिळालं, रान मोकळं होतं, त्यामुळे त्याच्या शंभराहून जास्त जाती झाल्या. पुस्तकांत हे असंच वाचायला मिळतं. तुम्ही यातल्या 'त्यामुळे'वर बोट ठेवा.

थॉमस निअर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तेच केलं. डीएनएवरून वंशवृक्ष काढला, फांद्यांना काळ लावला. प्रथिन जुनं निघालं, पण जातींचा खरा भडका त्यानंतर निदान १ कोटी वर्षांनी उडालेला दिसला. शिवाय वाढ सगळ्या गटात सारखी नव्हती, काही फांद्यांवरच जोरात होती. मधल्या काळात थंडी पुन्हा वाढली होती, बर्फाचे थर किनाऱ्यालगतचा समुद्रतळ खरवडत पुढे सरकत, मागे हटत होते. वस्त्या उजाड होत, जागा पुन्हा मोकळी होई. प्रथिनाने जगायचा परवाना दिला, इतकंच म्हणता येतं. जाती वाढायला त्यानंतर बरंच काही घडावं लागलं. वाताशय नसलेल्या या तळाच्या माशांपैकी काहींनी हाडं हलकी करून, अंगात चरबी साठवून वरच्या पाण्यात जागा मिळवली, तेही त्यातलंच.

'त्यामुळे'चं दुसरं उदाहरण याच गटातलं. देवमाशांची चरबी सोलणाऱ्या कामगारांना दक्षिणेकडचा बिनरक्ताचा मासा माहीत होता. १९२९ साली तरुण योहान रूड यांच्या कानावर ते आलं, पण विश्वास बसला नाही. डिटलेफ रुस्टाड यांनी १९२७ मध्येच बूव्हे बेटाजवळ असा मासा पकडला होता. रूड यांचा पेपर आला १९५४ साली: रक्त आहे, पण त्यात हिमोग्लोबिन नाही. कामगारांचं म्हणणं पेपरात यायला २५ वर्षं लागली, हे मला जास्त बोचतं.

हिमोग्लोबिन का गेलं? लगेच उत्तर आलं: थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि पातळ रक्त ढकलायला सोपं, म्हणजे फायदाच. २००६ मध्ये ब्रूस सिडेल आणि क्रिस्टिन ओब्रायन यांनी हिशेब मांडला, तर उलटंच निघालं. प्राणवायू पुरवायला या माशांना मोठं हृदय आणि खूप जास्त रक्त लागतं, रक्त खेळवण्याचा खर्च वाढतो. म्हणजे हा बिघाड असावा, थंडीने खपवून घेतलेला. या १६ जातींपैकी ६ जातींच्या हृदयातून मायोग्लोबिनही गेलं आहे, आणि तेही एकदाच नाही, वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या बिघाडांनी.