बी उगवलं, म्हणून देव आहे? रूपक आणि पुरावा यांतला फरक समजून घ्या

मातीतून वर आलेल्या अंकुराचा फोटो आणि खाली ओळ : 'याहून मोठा पुरावा कोणता?' असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आला असेल. त्याखाली लगेच कुणीतरी लिहितं, 'बी पाण्यानं उगवतं, देवानं नाही.' मग शंभर कमेंट, दोन-चार ब्लॉक आणि एखादं तुटलेलं नातं.

या भांडणात दोन्ही बाजू बहुतेक वेळा एकच चूक करतात. एक बाजू रूपकालाच पुरावा मानते आणि दुसरी बाजू रूपकाकडे पुरावा मागते. हा फरक समजून घ्यायला खान्देशाइतकी चांगली जागा नाही.

रूपक म्हणजे नेमकं काय?

नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव-धुळ्यात कानबाई बसते. नारळाला डोळे, नाक, नथ, साज चढवून त्याची पूजा होते आणि सोमवारी विसर्जन. तो नारळ आहे हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी 'नारळ सोडून आलो' असं कुणी म्हणत नाही, 'कानबाई गेली' असंच म्हणतात. यात कुणी कुणाला फसवत नाही. ही श्रद्धेची भाषा आहे.

याच मातीतल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१). जळगावजवळच्या आसोद्यात जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा, कवी सोपानदेव आणि एका नातेवाइकानं ती टिपून ठेवली. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या गाण्यात बियाणं धरणीच्या कुशीत झोपतं आणि पानं भजनात टाळ्या वाजवतात. मनाला तर त्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा देतात. पानांना हात नसतात हे शेतकरी बाईला सांगायला नको. तिला सांगायचंय ते पेरणीनंतर उगवलेलं शेत बघताना मनात काय होतं ते.

मुक्ताईनगर परिसर ज्या मुक्ताबाईंमुळे ओळखला जातो, त्यांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात मुंगी सूर्य गिळते. मुंगीचं वजन काढून हा अभंग खोटा ठरवायला आजवर कुणी गेलं नाही.

मग पुराव्याचा वाद कुठून आला?

तो आपल्याकडे फार जुना आहे आणि गंमत म्हणजे त्यातही अंकुर आहे. न्याय परंपरेतल्या पंडितांचा युक्तिवाद असा : घडा आहे म्हणजे कुंभार असलाच पाहिजे. तशीच पृथ्वी आणि अंकुर ही 'कार्यं' आहेत, म्हणून त्यांचाही कर्ता असला पाहिजे. तो ईश्वर. उदयनाचार्यांचा 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ तर याच विषयाला वाहिलेला आहे.

बहिणाबाईंचा अंकुर आणि नैयायिकांचा अंकुर यांत फरक आहे. बहिणाबाई चित्र उभं करतात. नैयायिक दावा करतात आणि दावा केला की तो तपासला जातो.

तसा तो तपासला गेलाही. सातव्या शतकातले बौद्ध विचारवंत धर्मकीर्ती यांनी विचारलं : वारूळही मातीचंच असतं, मग तेही कुंभारानं केलं म्हणायचं का? मुद्दा असा की घडा कुंभार करतो हे आपण पाहिलेलं असतं. जग घडताना कुणी पाहिलं? नुसत्या सारखेपणावरून कर्ता सिद्ध होत नाही. जैन आणि मीमांसक पंडितांनीही जगाचा कर्ता नाकारला. पुढे युरोपात १७७९ मध्ये छापलेल्या डेव्हिड ह्यूमच्या ग्रंथात बरीचशी अशीच शंका येते. १८०२ मध्ये विल्यम पेली घड्याळ आणि घड्याळजीचं उदाहरण देऊन कर्त्याची बाजू मांडतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचं भांडण हजार वर्षांहून जुनं आहे.

आस्तिकांनाही हा युक्तिवाद मान्य होता का?

सगळ्यांना नाही. शंकराचार्य स्वतः म्हणतात की ब्रह्म नुसत्या अनुमानानं कळत नाही, त्यासाठी श्रुतीच प्रमाण. म्हणजे 'घड्यावरून देव' हा रस्ता वेदान्तानंही पुरेसा मानला नाही.

या अद्वैत विचाराच्या अभ्यासासाठी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९१६ मध्ये प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. तिथून इंग्रजी तत्त्वज्ञान त्रैमासिकही निघत असे. साने गुरुजी अमळनेरला आधी इथंच आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. दोरीवर साप दिसतो हा अद्वैताचा आवडता दाखला. पण तो मुद्दा समजावण्यापुरता. तेवढ्यानं जग मिथ्या असल्याचं सिद्ध होत नाही.

आलेला मेसेज कसा ओळखायचा?

• रूपक : 'माझ्या शेतात देव राबतो.' इथे पुरावा मागू नका आणि हेच पुरावा म्हणून पुढेही पाठवू नका.

• इतिहासाचा दावा : 'हे हस्तलिखित अमुक संताचं.' हे तपासता येतं. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं जपली आहेत ती अभ्यासकांच्या याच कामी येतात. पण हस्तलिखित खरं ठरलं तरी त्यावरून देव सिद्ध किंवा असिद्ध होत नाही.

• चमत्काराचा दावा : २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं. असा दावा तपासायलाच हवा.

• तत्त्वज्ञानाचा दावा : 'जगाला कर्ता आहे' किंवा 'नाही'. इथे प्रयोगशाळेत निकाल लागत नाही, युक्तिवाद लागतो. आणि तो दोन्ही बाजूंना लागतो.

एवढा काथ्याकूट कशाला?

कारण गल्लत महागात पडते. 'देवीनं दुखणं ओढून घेतलं' हे आजीचं वाक्य धीर देणारं आहे. तेच वैद्यकीय सल्ला समजून गोळ्या बंद केल्या तर जीव जाऊ शकतो. चमत्काराचा प्रयोग करून लोकांना फसवणं आणि पैसे कमावणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. कानबाईला ओवाळणं हा गुन्हा नाही. कायद्यालाही हा फरक कळतो.

उलट बाजूची चूकही लहान नाही. आजी कानबाईसमोर हात जोडून उभी असताना 'तो नारळ आहे' असं तिला सांगणाऱ्यानं नवीन काहीच सांगितलेलं नसतं. सकाळी तो नारळ तिनंच सजवलेला असतो.